‘तुमचा आदर्श कोण?’ याचं खरं उत्तर काढायची पद्धत

पऱ्हाटी (धागाकर्ता)

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतल्या मॉक मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. आपल्या विदर्भात उत्तरंही ठरलेली: गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, बाबासाहेब, भाऊसाहेब पंजाबराव देशमुख. नावांबद्दल तक्रार नाही. पण त्यावरून बोलणाऱ्या पोराबद्दल काडीचं कळत नाही. ‘का?’ म्हणून विचारलं की जयंतीच्या भाषणातली वाक्यं सुरू होतात.

आपल्याला कोण भावतं यावरून आपण कसे आहोत हे शोधायची एक जुनी आणि फुकटात होणारी पद्धत आहे. जॉर्ज केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती १९५५ मध्ये मांडली. माणूस शेतावर जन्मलेला. १९३० च्या दशकात कॅन्ससमध्ये दुष्काळ आणि धुळीची वादळं चालू असताना तो गावोगावच्या शाळांसाठी फिरतं मानसोपचार केंद्र चालवत होता. म्हणून ही पद्धत कोरडवाहू भागात परकी वाटत नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येकाच्या डोक्यात माणसं मोजायची आपापली मापं असतात आणि प्रत्येक मापाला दोन टोकं असतात. ‘हा दिलदार, तो चिक्कू’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या दोघांइतकंच आपलं मापही उघडं पडतं.

साहित्य: जुन्या वहीचे पुठ्ठे कापून १० चिठ्ठ्या, दोन पानं, एक पेन, सव्वा ते दीड तास. मोबाईल दूर.

कृती:
१. प्रत्येक चिठ्ठीवर एक माणूस. नाव लिहायचं नसेल तर खूण करा. कोणती दहा घ्यायची ते खाली सांगतो.
२. चिठ्ठ्या उलट्या करून पिसा आणि तीन उचला. स्वतःला विचारा, ‘यातले कोणते दोघं कोणत्यातरी बाबतीत सारखे आहेत आणि तिसरा वेगळा आहे?’
३. सारखेपणाचा शब्द डावीकडे लिहा, तिसऱ्याच्या वेगळेपणाचा उजवीकडे. दोन्ही शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातले हवेत.
४. चिठ्ठ्या परत टाका, पिसा, पुन्हा तीन. एका तिकडीला ३ ते ४ मिनिटं पुरतात. दहा माणसांच्या तिकड्या १२० होतात, त्या सगळ्या कोणी करत नाही. ८ ते १० तिकड्यांत नवीन शब्द यायचे थांबतात, तिथे थांबा.

‘दोघं पुरुष, तिसरी बाई’, ‘दोघं गावातले, तिसरा नागपूरचा’ असले भेद पहिल्या दोन-तीन तिकड्यांत येणारच. लिहू द्या, मोजू नका. तिकडी उचलल्या उचलल्या सुचलेला पहिला शब्द ठेवायचा. चार लोकांत बसून केलं तर शोभेसा शब्द शोधला जातो, म्हणून ही पायरी एकट्याने करा.

आता दहा माणसं:
– घरातलं कोणी, ज्याचा सल्ला घेतल्याशिवाय मोठा खर्च होत नाही
– आवडते मास्तर किंवा मॅडम
– डोक्यात जाणारे मास्तर किंवा मॅडम
– ज्याचं पीक पाहायला लोक मुद्दाम धुऱ्यावर (बांधावर) येतात तो किंवा ती
– ज्याच्याकडे हातउसने मागायला लाज वाटत नाही
– ज्याला पाहून रस्ता बदलावासा वाटतो
– बरोबरीचं कोणी, ज्याचा हेवा वाटतो
– फोटोतलं एक मोठं माणूस
– मी, आजचा
– मी, जसं व्हायचं आहे तसा

शेवटच्या दोन चिठ्ठ्या गाळायच्या नाहीत. त्या गाळल्या तर गावातल्या लोकांवर गप्पा होतात आणि आपल्याबद्दल काही हाती लागत नाही.

झाडीपट्टी

यादीबद्दल एक. फोटोतलं माणूस एकच घ्या. दोन-तीन घेतले की बाकीचे खुजे दिसायला लागतात आणि सगळ्या तिकड्यांत ‘हे दोघं महान, हा आपला साधा’ एवढंच येतं. आणि नावडती माणसं निदान दोन हवीतच. मापाचं दुसरं टोक त्यांच्याकडून येतं.

बाया करत असतील, बचत गटात वगैरे, तर ‘घरातलं कोणी’ या चिठ्ठीवर सासरचं आणि माहेरचं अशी दोन वेगळी माणसं घ्या. एकच घेतलं की ज्याचं नाव घ्यायला हवं त्याचं घेतलं जातं. मग चिठ्ठ्या ११ होतील, चालतं.

धुरा_बांध

भाऊ, पद्धत चांगली हाय, पन गावात एक अडचन हाय ना. मान कोनाले द्याचा हे आपल्या जन्माआधीच ठरलेलं असते. घरात ज्याईचा फोटो, समाजाच्या सभागृहात ज्याईचा पुतळा, तेच आदर्श. पोट्टं चिठ्ठीवर तेच नाव टाकते. टाकलं नाई तं घरचे म्हनतीन, लय शाना झाला काय! आता हे मनातून आवडते का फोटोतून आवडते, हे कसं ओळखाचं?

खलबत्ता

धुरा_बांध भाऊ, खरी मेख हीच आहे. वारशाने मिळालेला आदर खोटाच असतो असं नाही, पण त्याची झडती घ्यावी लागते. सोपी झडती म्हणजे विशेषणं काढून टाकायची आणि क्रियापदं ठेवायची.

गाडगेबाबा घ्या. २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेणगाव, मृत्यू २० डिसेंबर १९५६. ‘थोर’, ‘निष्काम’, ‘कर्मयोगी’ हे सगळं खोडा. आता त्यांनी काय काय केलं तेवढं एकेका ओळीत लिहा:

गावात शिरल्यावर आधी झाडू हातात घेतला, कीर्तन रात्री.
कीर्तनात उपदेशाऐवजी समोरच्याला प्रश्न विचारले, तेही त्याच्याच बोलीत.
पाया पडू दिलं नाही, शिष्य केला नाही.
पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या.
१९०५ मध्ये घरदार सोडून निघून गेले.

यातल्या कोणत्या ओळीपाशी अंगावर काटा येतो? एकच निवडायची. झाडूची ओळ निवडणारा आणि प्रश्नांची ओळ निवडणारा, दोघंही ‘गाडगेबाबा’ हेच नाव सांगतील, पण माणसं वेगळी आहेत. पहिल्याला काम दिसायला हवं असतं, दुसऱ्याला समोरच्याचं डोकं चालतं करायचं असतं. शिष्य न करण्याची ओळ निवडणारा बहुधा कुणाच्या तरी हाताखाली गुदमरलेला असतो. बहुधा म्हणतोय, नेहमीच नाही.

घर सोडण्याची ओळ कोणी निवडली तर हसण्यावारी नेऊ नका. आणि एकही ओळ हलवत नसेल तर ते नाव फोटोतलं आहे. त्यात अपमान कोणाचाच नाही, चिठ्ठीवर दुसरं नाव घ्या.

ओळी लिहायलाच जमत नसतील, म्हणजे त्या माणसाने नेमकं काय केलं हेच माहीत नसेल, तर तेही उत्तरच झालं.

तुऱ्हाटी

वाचतोय. मॉक मुलाखतीला लगेच वापरता येईल असं आहे.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

खलबत्ता, क्रियापदाची झडती चिठ्ठ्या लिहितानाच करून घ्यावी, मग तिकड्या. दुसऱ्या टोकाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण लोक तिथेच घाई करतात.

‘साधा’ हा शब्द घ्या. आपल्याकडे कौतुकाचा हा सगळ्यात स्वस्त शब्द. ‘लय साधा मानूस’ म्हटलं की झालं. पण उजवीकडे काय लिहिता त्यावर सगळं फिरतं.

साधा × भपकेबाज. इथे मोजमाप दिखाव्याचं आहे. लग्नातला मांडव, गाडी, कर्ज काढून केलेली तेरवी.
साधा × चालू. इथे प्रश्न विश्वासाचा आहे. लिहिणारा कुठेतरी फसलेला आहे किंवा फसायची भीती आहे.
साधा × हुशार. इथे थांबायचं! तोंडाने कौतुक चाललंय, पण मापात ‘साधा’ म्हणजे ‘बावळा’ असं बसलंय.

तिसऱ्या जोडीत पुढचा प्रश्न विचारा: ‘या दोन टोकांपैकी तुला स्वतःला कुठं राहायचंय?’ उत्तर ‘हुशार’ आलं, तर ज्या माणसाचं कौतुक केलं तो मुळात आदर्श नव्हताच, त्याच्याबद्दल कणव होती. आदर आणि कणव यांची गल्लत फार होते, विशेषतः आईबद्दल लिहिताना. ‘आईने खूप सोसलं’ हे लिहिणाऱ्याला स्वतःला सोसायचं असतं का? बहुतेकांना नसतं. मग आईचं नेमकं काय घ्यायचंय ते वेगळं शोधावं लागतं: हिशेब ठेवणं, भांडण न ताणणं, की पहाटे चारला उठणं.

उजवीकडे ‘साधा नसलेला’ असं नकारार्थी लिहिलं तर जोडी बाद.

शब्द अजून मोघम असेल तर दोन दिशांना खोदता येतं. खाली जायचं तर विचारा, ‘काय केलं की दिसतं?’ ‘जबाबदार’ म्हणजे काय? वेचणीच्या मजुरीचे पैसे त्याच दिवशी देतो. वर जायचं तर, ‘ते तुला काहून महत्त्वाचं?’ मजूर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. ते का हवं? कोणापुढे हात पसरावे लागू नयेत. इथे शेवटची पायरी आली. तीन-चार ‘काहून’मध्ये शेवटची पायरी येते, पाचव्याला लोक चिडतात किंवा देवाचं नाव घेतात. ही शिडीची रीत केलीच्या विद्यार्थ्याने, डेनिस हिंकलने, १९६५ मध्ये बसवली.

झाडीपट्टी

आकड्यांचं मी सांगते, मुलांना ते आवडतं.

जोड्या ठरल्या की उभे रकाने माणसांचे, आडव्या ओळी जोड्यांच्या. प्रत्येक खणात १ ते ५. डावं टोक पूर्ण लागू तर १, उजवं पूर्ण लागू तर ५. ओळ पूर्ण करून मगच पुढच्या ओळीवर जा. एका माणसाचा रकाना वरून खाली भरत गेलात की त्याच्याबद्दलचं एकच मत सगळीकडे उतरतं. थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले तेव्हा हेच दिसलं होतं. एका गुणात वर, तर बाकीच्या गुणांतही वर. ओळीने भरलं की हा दोष कमी होतो, पूर्ण जात नाही.

समजा पाच जोड्या आहेत.
आजचा मी: ४, २, ३, ५, २
व्हायचं आहे तसा मी: १, २, २, २, २
आवडते मास्तर: १, ४, २, १, ३

वजाबाकी करा, चिन्ह सोडून द्या, बेरीज करा. आजचा मी आणि व्हायचा मी यांच्यात ३+०+१+३+० = ७. मास्तर आणि व्हायचा मी यांच्यात ०+२+०+१+१ = ४. आजचा मी आणि मास्तर यांच्यात ३+२+१+४+१ = ११. पाच जोड्यांत जास्तीत जास्त अंतर २० होऊ शकतं.

७ हा आकडा चांगला की वाईट हे विचारू नका, परीक्षा नाही. बघायचं ते एवढंच, की अंतर पहिल्या आणि चौथ्या जोडीतच साठलंय. काम तिथे आहे. आणि दुसऱ्या जोडीत मास्तर ४ वर आहेत, तुम्हाला मात्र २ वरच राहायचंय. म्हणजे मास्तर आवडतात, पण त्यांची ती एक गोष्ट तुम्हाला नको आहे. हे कागदावर दिसलं की भक्ती आपोआप जमिनीवर येते.

सगळ्या ओळींचे आकडे जवळपास सारखेच आले तर पाच जोड्या नाहीत, एकच आहे, शब्द पाच आहेत. ‘प्रामाणिक, चांगला, विश्वासू, सज्जन, सरळ’ असं लिहिलं की हे होतं. नवीन तिकड्या करा आणि त्यात हेव्याची चिठ्ठी मुद्दाम धरा.

धुरा_बांध

हेव्याचं सांगा ना पन. आपल्याकडं हेवा म्हनजे पापच समजते लोक. कोनी लिहीनच नाई.

खलबत्ता

लिहितील, फक्त शब्द बदलून द्या. ‘ज्याची बातमी ऐकून दोन मिनिटं गप्प बसलात असा बरोबरीचा’ असं विचारा.

डच भाषेत हेव्याला दोन शब्द आहेत, एक ‘मलाही तसं व्हावं’ वाला आणि एक ‘त्याचं जावं’ वाला. आपला हेवा आणि असूया तशीच. फान डी फेन हा डच संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार आणि निखळ कौतुक यांची तुलना केली. जास्त अभ्यास करायची इच्छा आणि कामातली सुधारणा पहिल्या प्रकारच्या हेव्यातून दिसली, निखळ कौतुकातून नाही. कौतुक करून मन भरतं, माणूस टाळ्या वाजवून घरी जातो.

म्हणून फोटोतल्या माणसापेक्षा हेव्याच्या चिठ्ठीतून तुमच्याबद्दल जास्त कळतं. चुलतभाऊ भरती झाला आणि पोटात ढवळलं, तर विचारा, नेमकं कशानं: पगार, वर्दी, गावाबाहेर पडणं, की घरच्यांनी त्याचं नाव घेणं? चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भरतीशिवायही यातल्या दोन-तीन मिळवता येतात.

दुसरी खबरदारी अंतराची. लॉकवुड आणि कुंडा या मानसशास्त्रज्ञांचा १९९७ चा प्रयोग कॅनडातला. लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातल्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला, शेवटच्या वर्षाच्यांना आला नाही, कारण त्यांच्या हातात वेळ उरला नव्हता. अभ्यासिकेत पाचव्या प्रयत्नाला बसलेल्यापुढे पहिल्या प्रयत्नात निघालेल्याचा सत्कार ठेवतात, तिथे हेच होतं. त्याच्यासाठी पाचव्या-सहाव्या प्रयत्नात निघालेला, किंवा वेळेवर दुसरी वाट धरलेला माणूस शोधा.

तुऱ्हाटी

एक शंका. आवडतं ते त्या माणसाचं काम की त्याला मिळालेलं नाव, हे कसं वेगळं करायचं? सगळेच म्हणतात काम आवडतं.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

किंमत लावून. दादाजी खोब्रागडे घ्या, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. एचएमटी धान त्यांचं, नाव त्या काळच्या घड्याळावरून पडलेलं. गोष्ट सांगताना लोक वाण, पुरस्कार, सत्कार सांगतात. कामाकडे नीट पाहा: १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्या तोडून वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, हंगामामागून हंगाम. पाहणारं कोणी नाही, आणि जमीन दीड-दोन एकराच्या आसपास.

आता एक हंगाम त्यातला छोटा तुकडा स्वतः करून बघा. सोयाबीन पिवळं पडायच्या आत, शेंगा भरल्यावर, बाकीच्यांपेक्षा उजवी दिसणारी पाच झाडं रंगीत सुतळीने बांधा. काढणीला आधी तीच हाताने उपटा आणि काठीने हलकी झोडा. मळणीयंत्रात टाकू नका, सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, उगवण मार खाते. पाच कापडी पिशव्या, प्रत्येकीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर. बाहेरची उंदीर खातो किंवा पुसली जाते, म्हणून आत. पुढच्या मृगात पाच वेगळ्या ओळी. हे तुरीवर करू नका, मधमाशा परागकण शेजारच्या शेतातून आणतात, निवड टिकत नाही. धान, सोयाबीन, गहू चालतात.

वाण निघेल म्हणून करायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात सुतळी बांधलेली झाडं बघायला पाय आपोआप वळतात की कंटाळा येतो, एवढंच पाहायचं. पाय वळले तर काम आवडतं. फोटो काढून स्टेटसला ठेवायची घाई झाली तर नाव आवडतं. नाव आवडणं गुन्हा नाही, पण मग आदर्श बियाणं निवडणारा नको, कीर्तनकार किंवा झाडीपट्टीच्या नाटकातला नट हवा.

झाडीपट्टी

रस्ता बदलायला लावणाऱ्या चिठ्ठीबद्दल कोणीच बोललं नाही. ती सगळे पटकन भरतात आणि विसरतात. वरोऱ्याचं उदाहरण आपल्या समोरचं आहे. पावसात पडलेल्या कुष्ठरोग्याला, तुळशीरामला, पाहून बाबा आमटे आधी पळाले होते. मग परत फिरले, त्याला आडोसा करून दिला. त्या पळण्यावर विचार करता करता पुढे कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं आणि आनंदवन उभं राहिलं. दिशा कौतुकातून आली नाही, भीतीतून आली.

म्हणून तिकड्या संपल्यावर एक तिकडी मुद्दाम लावा: रस्ता बदलायला लावणारा, आजचा मी, आणि फोटोतलं माणूस. बरेच जण इथे अडकतात, कारण पहिले दोघं सारखे निघतात. उधारी न फेडणारा, आणि मीही कोणाचीतरी टाळतोय. अडकलं तर दहा मिनिटं सोडून द्या, चहा घ्या. जबरदस्तीने शब्द काढला तर खोटा येतो.

आणि गटात करत असाल तर कागद गोळा करू नका, वाचून घेऊ नका. फक्त जोड्या मोठ्याने वाचायच्या, माणसांची नावं नाहीत. ग्रामपंचायत निवडणुकीच्या महिन्यात हा उद्योग करूच नये, ‘चालू’ शब्द उच्चारला तरी लोक एकमेकांकडे पाहतात.

धुरा_बांध

बरं. शेवटचं विचारतो. वारलेलं मानूस घेतलं तं चालते का? आजी, आबा?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

चालते भाऊ, बरेच जण घेतात. फक्त चिठ्ठीवर आपलं त्या वेळचं वय टाका. सातव्या वर्षी पाहिलेल्या आबाला आपण सात वर्षांच्या मापानेच मोजत असतो: उंच, दणकट, खिशात गोळ्या. त्यांच्यासोबत शेतात राबलेला म्हातारा सालदार किंवा शेजारी गावात असेल तर त्याला एकदाच विचारा, ‘आबा चिडले की काय करत?’ मग दुसऱ्या चिठ्ठीवर तेच नाव, आजचं वय. दोन्ही चिठ्ठ्या गड्डीत राहू द्या.